दोघांचा कोच

"बाई, बसून बघा," कोचाला नवं चामडं चढवून घेऊन आलेले रहमतमिस्त्री म्हणाले.

नलूताईंच्या नवऱ्याने डेन्मार्कहून हौसेने आणवलेला तो कोच होता दोघांचा. पण पन्नास वर्षं त्यावर एकटा तोच बसला आणि नलूताई चहाचा ट्रे घेऊन समोर उभ्या राहिल्या. तो गेला, वर्षश्राद्ध झालं, तेव्हा कुठे त्याच्या बैठकीचा खळगा पडलेलं जुनं चामडं काढून टाकायचं धाडस त्यांना झालं.

त्या भीतभीत कडेला टेकल्या. मग पहिल्यांदाच पाठही टेकली. तेवढ्यात शेजारची रिकामी गादी करकरली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तिला तोच खळगा पडला.

नलूताई ताडकन उठून उभ्या राहिल्या. "चहा टाकते."

"मला नको, बाई. रोजा आहे."

"तुम्हाला नाही हो," पदर सावरत त्या म्हणाल्या, "ह्यांना."