लोहाराचा आवाज

"लोहाराला आधी मारा, तलवार फुकट मिळते," एका खेळाडूने लिहिलं होतं. दुसऱ्याने लोहाराचं डोकं ऐरणीवर फोडून गेमला पाच स्टार दिले होते. तिसऱ्याचा सल्ला होता, "एका घावात संपवू नका. गुडघे फोडा, बराच वेळ विव्हळतो."

"केतकी, सगळे तुझ्या लोहारावरच फिदा आहेत बघ," तिच्यासोबत गेम बनवणारा निनाद म्हणाला. "पुढच्या भागात अजून किंकाळ्या घेऊ." आणि लगेच जीभ चावली. लोहाराचा आवाज केतकीच्या बाबांचा होता. बाबा गणपतीत वारले होते.

रेकॉर्डिंग घरीच केलं होतं, कपाटात गोधड्या टांगून. "थांब, नीट मेलो नाही. परत घे," म्हणत बाबा हसायचे आणि पुन्हा किंचाळायचे. ते हसणं तिनेच कापून फेकून दिलं होतं.

निनाद गेल्यावर तिने गेम लावला. "या, बसा. भट्टी तापलीय," लोहार म्हणाला. जिवंतपणी त्याला तेवढंच एक वाक्य होतं. तिने ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

मग तिने हातोडा उचलला आणि डोकं सोडून त्याच्या गुडघ्यांवर घातला.