जुने दोष दाखवणारं यंत्र

“पण हे जुने दोष दाखवतं का? डॅशबोर्डवरचा दिवा विझून गेल्यानंतरही?” धाकटीने पुन्हा तेच विचारलं.

दुकानदाराने काउंटरवर तीन यंत्रं मांडून ठेवली होती. गाडीच्या सॉकेटला जोडायची आणि इंजिनात काय बिघडलंय ते वाचायचं. पहिलं काडेपेटीएवढं. ते नुसता आकडा दाखवायचं, अर्थ ज्याचा त्याने शोधायचा. दुसऱ्याला चांगला मोठा पडदा होता. तिसरं मोबाइलशी बोलायचं, तेही दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे त्याची मर्जी असेल तेव्हा.

“साधं घे ना,” बाबा दारातूनच म्हणाले. “म्हातारी जीप आहे. तिच्या एवढ्या चौकशा कशाला?”

ते आत येऊन बसायला तयार नव्हते. मधेच बाहेर जीपपाशी जायचे, टायरला उगाच पाय मारून बघायचे, पुन्हा दारात येऊन उभे राहायचे. धाकटी सारखी घड्याळ बघत होती. संध्याकाळी दादा येणार होता, जीपची किल्ली बाबांकडून कायमची काढून घ्यायला.

सगळं रामायण घडलं होतं रेल्वे फाटकात. गेल्या आठवड्यात बाबांची जीप ऐन रुळांवर थांबली. शेजारच्या सीटवर दादाची मुलगी. घंटा वाजायला लागली, फाटकवाला ओरडत धावला, येणाऱ्याजाणाऱ्यांनी ढकलून जीप कशीबशी पलीकडे काढली. “बंद पडली,” एवढंच बाबा म्हणाले. पोरीने मात्र घरी सांगितलं, की आजोबा नुसते समोर बघत बसले होते. झालं, दादाचा पारा चढला. बाबांना आता काही सुधरत नाही, त्यांच्या हातात गाडी द्यायची नाही, असं त्याने जाहीर करून टाकलं.

धाकटी त्याच्याशी कडकडून भांडली. ज्या माणसाने नोकरीभर डोंगरमाथ्यावरचे टॉवर सांभाळले, बकरीसुद्धा विचार करून पाय टाकेल अशा वाटांनी हीच जीप वर नेली, तो सपाट रस्त्यावर गोंधळेल? काहीतरीच! दोष गाडीचाच होता. आणि ते ती दादाच्या नाकावर टिच्चून सिद्ध करणार होती. बाबांवर तिचा फार जीव होता. किल्ली गेली की ते घरात बसून खंगतील, याची तिला मनातून धास्ती होती.

“मग हे मधलं घ्या,” दुकानदार म्हणाला. “गाडी इंजिनातल्या बिघाडाने बंद पडली असेल, तर तो बहुतेक वेळा तिच्या मेमरीत राहतो. त्या घडीला वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, तेही हे सांगेल.”

धाकटीचा चेहरा खुलला. “ऐकलंत का, बाबा? हेच पाहिजे आपल्याला.”

“एवढ्या जुन्या गाडीला नाही बसायचं ते.”

“बसेल की, काका. विकत घेण्याआधी लावूनच बघू. सॉकेट कुठे आहे तुमच्या गाडीचं?”

“मला काय माहीत?” बाबा म्हणाले.

जीपचा स्क्रू न् स्क्रू तोंडपाठ असलेले बाबा असं म्हणाले, तशी धाकटी चपापली. पण दुकानदार एव्हाना यंत्र घेऊन बाहेर पडला होता. ती त्याच्यामागे धावली.

त्याने गुडघ्यावर बसून स्टिअरिंगखाली हात घातला. सॉकेट सापडलं. पडदा उजळला, थोडा वेळ काहीतरी शोधत राहिला आणि थांबला. एकही दोष नाही.

धाकटीला रडूच यायचं बाकी राहिलं. म्हणजे दादाच खरा. तिने बाबांकडे बघायचं टाळलं.

“थांबा, थांबा,” दुकानदार बटणं दाबत पुटपुटला. “गाडी चांगली आहे असं नाही म्हणत हे. गाडीला काही आठवतच नाहीये. तिच्या चाचण्या तिची तीच घेत असते, त्यातली एकही पुरी झालेली नाही. पाटी कोरी. हे घड्याळ बघा, तेही भलतीच वेळ दाखवतंय. कोणीतरी बॅटरीची वायर काढून परत लावलीये. जुन्या गाडीत वायर काढली की जुनं सगळं पुसलं जातं.”

“दादा!” धाकटी ओरडली. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “काल घरी आला होता, तेव्हा बॉनेट उघडून तोच बघत होता. पाणी बघतोय म्हणे! स्वतःचं खरं करण्यासाठी इतक्या थराला गेला?”

तिने फोन लावला. आज ती त्याला सोडणार नव्हती, भाऊ असला म्हणून काय झालं! पलीकडे घंटी वाजायला लागली, तेवढ्यात बाबांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

“त्याला काही बोलू नकोस. वायर मी काढली.”

“तुम्ही?” तिला कळेचना. “अहो बाबा, तो तुमच्याच बाजूचा पुरावा होता! गाडी बिघडली होती, हे त्यातून दिसलं असतं.”

“आणि गाडी धडधाकट होती असं दिसलं असतं तर?”

दुकानदार खाली मान घालून यंत्राची वायर गुंडाळायला लागला. बाबा जीपच्या दाराला टेकले. सकाळपासून पहिल्यांदाच ते एका जागी उभे होते.

“त्या दिवशी बंद कोण पडलं, गाडी की मी,” ते म्हणाले, “हे मलाच माहीत नाही गं.”