कमानीला पाणी

घरात सगळे जिला खारुताई म्हणत, त्या मुलीने टाचा उंचावून कमानीच्या माथ्यावरचा लाल ठोकळा ओढला. तो आला नाही. तिने दोन्ही हातांनी ओढला. ठोकळा जागचा हलला नाही, पण त्याच्यासकट अख्खी कमान तिच्याकडे वीतभर सरकली.

"आबा, हा अडकलाय!"

"अडकलेला नाही, बसवलाय," आजोबा म्हणाले. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. सकाळी केलेल्या कामासमोर स्टूल टाकून बसला होता. नातीएवढी उंच कमान, प्लास्टिकचे चारशे ठोकळे, एक थर लाल, एक पिवळा. खालच्या सांध्यावर वरचा सांधा कुठेही आलेला नाही. बांधकाम सरळ उभं आहे का ते बघायचा ओळंबा दाराच्या चौकटीला अजून टांगलेलाच होता. "हत्ती टेकला तरी ढिम्म हलायची नाही."

आई स्वयंपाकघरातून आली. हाताला क्रीम, कपाळाला क्रीम. ठोकळ्याच्या आकाराच्या केकवर आठ गोल टेंगळं बसवायची होती, त्यातली तीनच झाली होती. तिने कमानीच्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"बाबा, तुम्ही गोंद लावलात?"

"मग काय, थुंकी लावू?"

"अहो, ते नुसते दाबले की बसतात!"

"बसतात आणि उठतात. नऊ पोरं या दारातून आत शिरणार. कुणाच्या अंगावर आली तर? चाळीस वर्षांत माझं एक काम पडलेलं नाही."

"पण ही पाडायचीच होती!" खारुताई म्हणाली. खालचा ओठ तिने दाताखाली धरला. सात वर्षांच्या माणसाने आपल्या वाढदिवसाला रडायचं नसतं. तिने फ्रीजवरची आमंत्रणाची चिठ्ठी काढून आणली. अशा नऊ चिठ्ठ्या तिने स्वतःच्या हाताने लिहून वाटल्या होत्या.

आजोबांनी चष्मा लावला. 'चार वाजता या. आधी सगळ्यांनी मिळून कमान पाडायची. मग त्याच ठोकळ्यांचं प्रत्येकाने एक घर बांधायचं. पाडल्याशिवाय केक नाही.'

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते! तू 'कमान' एवढंच ऐकलंस आणि ओळंबा शोधायला गेलास."

घड्याळात सव्वातीन झाले होते. घरात दुसरा एकही ठोकळा नव्हता.

आजोबांनी सांधा नखाने खरवडला. नखात पांढरं, मऊ काहीतरी आलं. ते बोटांत चोळून पाहिलं आणि ते स्टुलावरून ताडकन उठले. "आतून ओला आहे अजून! उद्यापर्यंत दगड झाला असता. कोमट पाणी काढ! कपडे भिजवायचा टब आण! पळ!"

"भिंत पक्की व्हावी म्हणून जन्मभर पाणी मारलंत," आई पळता पळता म्हणाली.

"आज सुटावी म्हणून मारतो. तू टब आण!"

टब भरला. कमान काही त्यात मावेना. आजोबांनी तिला खांदा लावला, पण ढकलायचं बळच येईना. ते मागे सरले. "तूच पाड," असं नातीला म्हणाले आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

खारुताई धावत आली. कडाड् आवाज झाला आणि कमानीचे तीन तुकडे झाले. बांधून झालेलं मोडायला वरच्या त्या मोठ्या गवंड्याला कसं जमतं, ते तोच जाणे. या गवंड्याला तर एवढ्यानेच घाम फुटला होता.

मग बाथरूममध्ये एकच धांदल उडाली. तुकडे भिजले, गोंद दुधावरच्या सायीसारखा सुटून वर आला. आजोबा पिळत होते, आई टूथब्रशने घासत होती, खारुताई ठोकळे टॉवेलवर मांडत होती. "सुटला! हापण सुटला! आबा, तुझा सुटला का?"

दारावरची बेल वाजली. चाराला दहा कमी.

"अगं बाई, अजून अर्धे राहिलेत," आई म्हणाली.

खारुताईने ओल्या हाताने दार उघडलं. समोर शेजारची जुळी, हातात खाऊचा खोका. "आत या! बाह्या वर करा!"

चार वाजून दहा मिनिटांनी बाथरूममध्ये नऊ पाहुण्या मुलांचे अठरा कोपर होते आणि आईला पाय ठेवायला जागा नव्हती. ती निमूटपणे केकच्या उरलेल्या टेंगळांकडे परत गेली.

ठोकळे सुकले. आजोबा दारात मांडी घालून बसले. डोळा ओळंब्यावर ठेवून त्यांनी न बघताच हात मागे केला आणि कामावर द्यायचे तशी हाळी दिली. "वीट!"

पुन्हा थर चढले. या वेळी गोंद नाही. शेवटचा लाल ठोकळा त्यांनी दोन बोटांनी अलगद ठेवला आणि ते बाजूला झाले.

"मोजा."

"एक... दोन... तीन!"

चारशे ठोकळे घरभर उधळले. एक सोफ्याखाली गेला, एक थेट केकमध्ये रुतला आणि नववं टेंगूळ होऊन बसला. दारात ओळंबा तेवढा गरगर फिरत राहिला. या वेळी आजोबांचे डोळे टक्क उघडे होते.

"आबा, आता घरं," खारुताई म्हणाली.

"घरं बांधूच. आधी आणखी एकदा." ते त्या पसाऱ्यात पुन्हा मांडी घालून बसले आणि त्यांनी हात मागे केला. "वीट!"

दहा हात पुढे आले.