फाट्यावरचा मिस्त्री

लुंबिनीनं प्लग दगडावर आडवा धरला आणि पान्यानं टोकाला ठोका दिला.

दर खेपेला हलक्या ठोक्यावर भागायचं. टोकाची फट मिटायची, ठिणगी पडेनाशी व्हायची आणि प्लग परत बसवला की ट्रक मिसिंग मारायला लागायचा. मग पुढच्या फाट्यावरच्या गॅरेजात थांबायला कारण मिळायचं. आज मात्र हात जड पडला. टक्कन आवाज झाला आणि प्लगचं पांढरं चिनीमातीचं अंग उभं तडकलं.

"गेला!" ती म्हणाली आणि तिला हसूच आलं.

अर्धापूरची केळी लातूरला पोचवणारा हा छोटा सीएनजी ट्रक तिचा स्वतःचा होता. घेताना वडील म्हणाले होते, डिझेलचा घे. डिझेलच्या इंजिनाला स्पार्क प्लगच नसतात. आता तिला वाटायचं, बरं झालं ऐकलं नाही.

तडकलेला प्लग तसाच आवळून ती निघाली. ट्रक आचके देत होता. आज बोलायचं. आज नाही तर कधीच नाही.

गॅरेजात नेहमीप्रमाणे दोघंच होते. बाजेवर दयानंदमामा चहा पीत बसलेले. म्हातारा कधी बघावा तेव्हा तिथंच असायचा. आणि सुगत. ट्रकचा आवाज ऐकूनच तो उठून उभा राहिला होता.

"जय भीम. पुन्हा?"

"जय भीम. पुन्हा."

त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाजवळ कान नेला आणि डोळे मिटून घेतले. तळवा पत्र्यावर हलकेच टेकवला.

"कधीपासून असं करून राहिली?" त्यानं हळूच विचारलं.

लुंबिनीला त्याचं हे विचारणं लई आवडायचं. दुसरे मिस्त्री आधी गाडीला शिव्या घालायचे, मग हात घालायचे.

इंजिन जरा निवल्यावर सुगतनं चारी प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. तडकलेला उचलून उजेडात धरला.

"हा तर फुटलाच. एकटा बदलून भागणार न्हाई, चारी नवे टाकू."

फळीवर दोन तऱ्हेची खोकी होती. त्यानं डावीकडच्या खोक्याला हात घातला. दयानंदमामा खोकले. सुगतचा हात उजवीकडच्या खोक्यावर गेला.

"गॅसचं इंजिन जास्त तापतंय," तो म्हणाला. "त्याला हेच थंड जातीचे लागतात."

"मामा, खोकला लई दिसांचा हाय तुमचा," लुंबिनी म्हणाली. "दवाखान्यात दाखवा की."

"दवाखान्यात डॉक्टर कुठं घावतोय!" मामा गुरगुरले.

सुगतनं नव्या प्लगच्या फटीत मापाची पातळ पत्र्याची पट्टी सरकवली. सैल होती. त्यानं टोक जरासं दाबलं, पुन्हा पट्टी घातली. आता ती अडकत अडकत निघाली. तरी त्यानं आणखी एकदा बघितलं. फट जास्त राहिली तर ठिणगीला उडी जमत नाही, कमी राहिली तर ती अशक्त पडते, हे तो तिला दर खेपेला सांगायचा आणि ती दर खेपेला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायची. त्याची बोटं लांबसडक होती. घाई त्यांना ठाऊकच नव्हती.

एकेक प्लग त्यानं आधी हातानंच फिरवून बसवला, आटे वाकडे जाऊ नयेत म्हणून. मग पाना घेतला.

"पुढच्या आठवड्यापासनं मी या रस्त्यानं न्हाई," लुंबिनी म्हणाली.

पाना थांबला. "म्हंजे?"

"व्यापाऱ्यानं धर्माबादची लाइन दिलीय. तिकडनं तेलंगणात जायचं."

शेवटचा प्लग सुगतनं आवळला, वायरी जोडल्या. बॉनेट लावायला मात्र विसरला.

"मग तिकडं गाडी बिघडली तर?" त्यानं विचारलं.

"तेच इचारायला आलेय." लुंबिनीचे कान तापले. "मला एक मिस्त्री कायमचा पाहिजे. घरचाच. तुम्ही कराल का माझ्यासंगं लगीन?"

बाजेवरचा चहाचा भुरका मध्येच थांबला.

"हाव," सुगत म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला की पाना हातातून निसटून खाली पडला. "हाव! पण लुंबिनी, मला आधी एक..."

"आता पण-बिण काय न्हाई!"

बॉनेट धाडकन लावून तिनं केबिनमध्ये उडी मारली आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. एक आचका नाही, की फट्‌ नाही. तिनं हॉर्नवर तळवा दाबला आणि रस्त्यावरून जाणारे दोन मोटारसायकलवाले दचकून बघायला लागले.

"आईला सांगते!" ती इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडली. "म्हणते, मिस्त्री गावला!"

तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक बाई पदर खोचून धावत आली. धापा टाकत ती गॅरेजच्या दारातच थांबली.

"ओ डॉक्टर! कवापासनं हुडकून राहिले तुम्हाला! आमची म्हैस अडलीय, रेडकू आडवं आलंय. चला लवकर!"

लुंबिनीनं केबिनमधून वाकून इकडंतिकडं बघितलं. डॉक्टर कुठं दिसेना.

सुगतनं मान खाली घातली आणि शर्टाच्या बाह्या वर सारायला लागला.

दयानंदमामा बाजेवरून उठले. त्यांनी खाली पडलेला पाना उचलून पुसला. "जावा डॉक्टरसाहेब, आता लगीनबी जमलं. उद्यापासनं तरी माझं गॅरेज मला चालवू द्या."