रविवारची मॅच

शिंपीकाका मशीनवर बसले होते, पण पाय काही चालत नव्हते. समोर कापडाच्या गठ्ठ्यावर त्यांचा मेहुणा बसला होता आणि दोघांनाही रविवारच्या फुटबॉल मॅचचा घोर लागला होता.

"गोलकीपरचा खांदा निखळलाय, फॉरवर्डचा गुडघा सुजलाय. आपल्या टीमचं कसं व्हायचं, भावोजी?"

"खांदा बसेल, सूजही उतरेल. पण गेल्या मॅचला आपल्यावर पेनल्टी ठोकणाऱ्या त्या रेफरीच्या डोळ्यांना कुठलं औषध द्यायचं?"

तेवढ्यात काकांची लेक आत आली. तिच्या मागोमाग एक शिडशिडीत तरुण आला.

"बाबा, मी सांगितलं होतं ना, तो हाच."

काकांनी चष्मा सारखा केला. "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय."

"मैदानावर पाहिलं असेल," तरुण अदबीने म्हणाला. "गेल्या मॅचला मीच रेफरी होतो."

मेहुणा ताडकन उठला. "आणि उद्या या घरचा जावई झालात, तरी द्याल आमच्यावर पेनल्टी?"

"फाउल असेल तर द्यावीच लागेल, मामा."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. पोरगा सरळ होता, तोंडावर खरं बोलत होता, आणि लेकीचा तर त्याच्यावर जीव जडलेला. नाही म्हणायची सोयच नव्हती.

"येत्या रविवारी रेफरी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मीच आहे."

"मग ठरलं तर," काका म्हणाले. "लग्न रविवारीच उरकून टाकू. मॅचच्या वेळेला."