दुसऱ्या टेकडीपलीकडची पवनचक्की

"स्टार्टर फिरतोय, की नुसतं टकटक होतंय?" ग्वेनने माइकमध्ये विचारलं.

"फिरतोय, मॅडम. घर्र घर्र करतो, पण इंजिन पेटतच नाही."

"मॅडम शहरात राहतात. मी ग्वेन. स्टार्टर फिरतोय म्हणजे बॅटरी शाबूत आहे. उगाच सारखी किल्ली मारून तिचा जीव काढू नकोस. तुझा रेडिओही तिच्यावरच चाललाय."

रेडिओच्या पलीकडे एड्रियन होता. ॲडलेडचा दातांचा डॉक्टर, सुट्टीत एकटाच निघालेला. उत्तरेच्या कच्च्या रस्त्यावर त्याची गाडी बंद पडली होती. अलीकडे दीड तासावर ग्वेनचा पेट्रोल पंप आणि गॅरेज, पलीकडे काही म्हणजे काही नाही. फोनला रेंज नाही, आणि ऊन असं की बॉनेटला हात लावला तर कातडं चिकटून राहावं. शहरातल्या माणसांना वाटतं, मोठ्या चाकांची गाडी घेतली की वाळवंट आपल्या बापाचं. मग घशाला कोरड पडली की आमची ग्वेन आठवते.

ग्वेनला मात्र कधी कुणाचा कंटाळा येत नसे. आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगावं, तर तिनेच. काउंटरखाली तिचा कुत्रा मर्फी झोपला होता. पायाने त्याला जरा सरकवून ती खुर्चीत बसली.

"बंद पडायच्या आधी दणका बसला का कुठे?"

"बसला ना! ओढ्याचं कोरडं पात्र दिसलंच नाही. गाडी अशी आदळली, की डोकं छताला लागलं. तिथून थोडी पुढे आली आणि गेली."

"डोकं फुटलं नाही ना? मग ठीक. आता असं कर. किल्ली अर्धीच फिरव, स्टार्टर मारू नकोस. मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीला कान लाव. बारीक गुणगुण ऐकू येते का, बघ."

बराच वेळ नुसती खरखर.

"नाही हो. एकदम चिडीचूप."

"सापडलं!" ग्वेन म्हणाली आणि हसली. "घाबरू नकोस, बाळा. डाव्या बाजूचं दार उघड आणि सीटच्या पुढे खाली वाक."

"देव पावला तुमच्या रूपात." एड्रियनच्या आवाजात एकदम जीव आला आणि त्याची जीभ सैल सुटली. भीती उतरलेला माणूस बोलत सुटतोच. "खरं सांगू, सकाळपासून मला एकच माणूस आठवतोय. गेल्या उन्हाळ्यात आम्ही याच रस्त्याने गेलो होतो. एकजण हिरव्या गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. टोपी हलवत होता. शेजारी एक कानतुटका कुत्रा. बायको म्हणाली, थांबू नकोस, कोण असेल कोण नसेल. आणि मुक्कामाला पोचायची घाई. मी आपलं हॉर्न वाजवून हात केला आणि निघालो."

रेडिओ खरखरला.

"त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी थांबलंच असेल ना?"

"या रस्त्यावर सगळेच थांबतात," ग्वेन म्हणाली.

"तेच मी बायकोला म्हटलं. हं, वाकलोय. काय बघू?"

"पाणी किती आहे, ते बघ."

"दोन बाटल्या. का?"

"टाकीतला पेट्रोल ओढणारा पंप जळलाय तुझा. गाडी आता हलायची नाही. समोर दोन टेकड्या दिसतात? दुसरीच्या पलीकडे पवनचक्की आहे, पाण्याचं टाकं आहे, झाडाची सावली आहे. चालत जा आणि तिथे बसून राहा. गाडीत भाजून निघशील."

"पण तुमच्या दाराशीच पाटी आहे ना? गाडी बंद पडली तर गाडी सोडून जाऊ नका म्हणून?"

ती पाटी ग्वेनने स्वतःच्या हाताने रंगवली होती, गेल्याच हिवाळ्यात.

"पाटी ज्यांना कुणी सांगणारं नाही त्यांच्यासाठी. तुला सांगायला मी आहे ना? डार्सी आज तिकडेच यायचाय ट्रक घेऊन. त्याला टाक्यापाशी पाठवते."

"उपकार झाले, मावशी." मॅडमची मावशी झाली होती. "आयुष्यभर विसरणार नाही."

"नीघ आता. वेळ घालवू नकोस."

डार्सी तासाभराने आला. मेंढ्यांसाठी पाण्याच्या टाक्या भरून उत्तरेला निघाला होता. ग्वेनने त्याच्यापुढे चहा आणि लॅमिंग्टन केकचे दोन तुकडे ठेवले.

"रेडिओवर कुणी आहे का गं मावशी?"

"काळं कुत्रं नाही. आणि हे बघ, तू आज खालच्या रस्त्याने जा. वर वाळू फार साचलीय म्हणतात, ट्रक रुतेल."

"बरं झालं, तो मेला ओढाही टळला! परवा माझी छोटी गाडी असली आदळली तिथे, की इंजिनच बंद. स्टार्टर फिरतोय, पंपाचा आवाज नाही. म्हटलं, आता मरतोय. मग तू शिकवलेलं आठवलं. डाव्या बाजूला पायाशी ते बारकं बटण असतं ना, दणक्याने वर येतं आणि पेट्रोल तोडतं? दाबलं बोटाने, की गाडी सुरू. तिकडे ना पाणी, ना सावली, माहीत नसलेला माणूस जिवानिशी जायचा गं."

"जायचाच."

चहाच्या वासाने मर्फी काउंटरखालून बाहेर आला आणि सवयीने दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला. डार्सीने वाकून त्याचा शाबूत राहिलेला एकुलता कान खाजवला.

"काका जाऊन वर्ष होत आलं, आणि हा अजून क्लिफकाकांच्या हिरव्या गाडीची वाट बघतो?"

"तो बघतो," ग्वेन म्हणाली. "माझं बघून झालं."