फाटकाची आठवण

दिवंगत दिगंबर टिळव्यांच्या मनाची प्रत सर्व्हरवर तिसऱ्यांदा बिघडली, तेव्हा शर्वाणीचा संशय सरळ त्यांच्या बायकोवर गेला. अशा प्रती सांभाळणं हेच शर्वाणीचं काम होतं. दर वेळी डिस्कचा तोच तुकडा खराब व्हायचा, आणि तोही इंदुताई नवऱ्याशी बोलायला यायच्या त्याच सकाळी. त्या जागी एकच आठवण होती. त्यांची चिमुरडी उघड्या फाटकातून रस्त्यावर धावली आणि ट्रकखाली आली, तो दिवस.

शर्वाणीने बॅकअपमधून आठवण परत बसवली आणि पाळत ठेवली. इंदुताई अजून आल्याही नव्हत्या, तरी तुकडा तिच्या डोळ्यांदेखत पुसला जाऊ लागला.

"टिळवेकाका, हे तुम्ही करताय?" तिने माइकवर विचारलं.

"हो," स्पीकरमधून आवाज आला. "ती आली की विचारते, फाटक कुणी उघडं टाकलं? जिवंत होतो तोवर सांगायचो, मीच. आता तुमच्या या प्रतीला खोटं बोलायची सोयच नाही. आणि खरं ऐकून ती जगायची नाही."

शर्वाणीने बॅकअपमधूनही ती आठवण काढून टाकली.

थोड्या वेळाने इंदुताई आल्या. "झाली दुरुस्त?"

"नाही हो काकू. डिस्कच खराब निघाली. तेवढी आठवण आता परत यायची नाही."

इंदुताई तिच्याकडे रोखून पाहत राहिल्या. "यांनी तुला काही सांगितलं का गं?"

"काही नाही," शर्वाणी म्हणाली आणि तिने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.